ख्यालाची गोडी

विद्यार्थी मित्रांनो, ख्याल गायन सुरू झाले की तुम्ही कंटाळता ना? शब्द थोडे, आलाप फार! 'ख्याल' हा शब्द मात्र तुमच्या उर्दूतलाच, मूळचा अरबी. मिरजेला राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) ख्यालासाठीच प्रसिद्ध होते.

एकतालात १२ मात्रा असतात. पहिल्या मात्रेला 'सम' म्हणतात. गायक कितीही फिरला तरी समेवर येतो. नवख्या कानाला ती जागा सापडत नाही. लोकलमध्ये नवा प्रवासी प्रत्येक स्टेशन विचारतो. रोजचा प्रवासी डुलकी घेऊनही नेरूळला बरोबर उठतो. कानाचेही तसेच आहे.

आधी द्रुत ख्याल ऐका. विलंबित फार संथ असतो. एकच ख्याल पुन्हापुन्हा ऐका, बोटांवर मात्रा मोजा. काही दिवसांनी सम येताच तुमची मान आपोआप हलेल.