कायरोप्रॅक्टिक आणि सार्वजनिक आरोग्य

कायरोप्रॅक्टिक म्हणजे पाठीचा कणा व सांधे यांवर हाताने नेमका दाब देऊन उपचार करण्याची पद्धती असून, डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट येथे तिचा पाया घातला. बहुतेक रोगांचे मूळ 'सबलक्सेशन'मध्ये, म्हणजे मणका जागेवरून किंचित सरकल्याने मज्जातंतूंच्या कार्यात येणाऱ्या अडथळ्यात असते, अशी पामर यांची धारणा होती. त्यामुळे जंतुसिद्धान्त आणि लसीकरण या सार्वजनिक आरोग्याच्या दोन्ही आधारांना या परंपरेतून दीर्घकाळ विरोध झाला.

दुसरीकडे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६३ मध्ये भोंदू वैद्यकीविरुद्ध समिती नेमून या व्यवसायाला एकटे पाडण्याची मोहीम चालवली. कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क व सहकाऱ्यांनी याविरुद्ध १९७६ मध्ये गुदरलेल्या खटल्यात न्यायाधीश सुझन गेट्झेनडॅनर यांनी १९८७ मध्ये हा बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवला. मात्र उपचारांच्या परिणामकारकतेवर त्या निकालाने शिक्कामोर्तब केले नाही.

पुढे अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनमध्ये १९९५ साली कायरोप्रॅक्टिकचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, तर जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये या उपचारांचे प्रशिक्षण व सुरक्षितता यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कंबरदुखीसारख्या तक्रारींत या उपचारांचा काही रुग्णांना उपयोग होत असला, तरी लसीकरणाला पर्याय म्हणून त्यांना कोणताही वैज्ञानिक आधार नाही.