औरंगाबादची वाळूमाशी आणि पेशींचं मरण

१९७० साली ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये जेमतेम दोन पानांचं एक टिपण छापून आलं. लेखक तिघं : धांडा, रॉड्रिग्ज आणि घोष. औरंगाबादेत पकडलेल्या वाळूमाश्यांमधून चांदीपुरा विषाणू वेगळा काढल्याची नोंद त्यांनी केली होती. शहराचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालं, पण त्या टिपणाच्या शीर्षकात ‘औरंगाबाद’ कायम आहे आणि चांदीपुऱ्यावर लिहिणारे जगभरातले अभ्यासक आजही त्याचा दाखला देतात. वेरूळ-अजिंठा बघायला येणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचं कारण नाही. इथे राहणाऱ्या आपल्याला मात्र ठाऊक असायला हवं होतं.

गोष्ट सुरू होते पाच वर्षं आधी, नागपुरात. १९६५ मध्ये तिथे डेंगी आणि चिकुनगुन्याच्या तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, रुग्णांच्या रक्ताचे नमुने तपासले जात होते. त्यातले दोन नमुने वेगळे निघाले. काचेच्या भांड्यात वाढवलेल्या पेशींवर ते टाकले, तर पेशी झपाट्यानं मरू लागल्या. हा ना डेंगी होता ना चिकुनगुन्या. भट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये हा नवा विषाणू जगापुढे मांडला आणि चांदीपुरा या ठिकाणाचं नाव त्याला दिलं. म्हणजे या विषाणूची पहिली ओळखच मेलेल्या पेशींनी करून दिली. पुढची पन्नास-साठ वर्षं शास्त्रज्ञ त्याच मरणाचा अर्थ लावत आले.

तेव्हा त्या मरणाला नीट नावही नव्हतं. ते १९७२ मध्ये मिळालं. केर, वायली आणि करी या तिघांनी ‘अपोप्टोसिस’ हा शब्द रूढ केला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पानं गळणं. अपघातात चिरडलेली पेशी फुटते, तिच्यातलं सगळं बाहेर सांडतं आणि आजूबाजूला सूज येते. अपोप्टोसिसमध्ये तसं होत नाही. पेशी आक्रसते, आपला जनुकसंच कापून टाकते, स्वतःचे लहान लहान तुकडे करते आणि शेजारच्या पेशी ते गिळून घेतात. गर्भात बाळाचे पंजे आधी वल्ह्यासारखे सपाट असतात. मधल्या पेशी अशा ठरल्या वेळी गळतात, तेव्हा पाच बोटं सुटी होतात.

विषाणू शिरला की हीच व्यवस्था संरक्षणाला धावते. विषाणूला प्रती काढायला जिवंत पेशी लागते. ती आधीच मेली तर त्याचा कारखाना बंद. म्हणून कित्येक विषाणूंनी पेशीचं हे मरण रोखणारी प्रथिनं कमावली आहेत. १९९१ मध्ये किडींच्या बॅक्युलोव्हायरसात असं एक जनुक सापडलं. ते काढून टाकलं, की लागण झालेल्या पेशी लवकर मरत आणि विषाणूची वाढ खुंटत असे. पेशीचं हे मरण म्हणजे किती जुनं आणि किती जोरकस शस्त्र आहे, ते या एका प्रयोगात दिसलं.

मरणाची आज्ञा पेशीत कुठून शिरते, हे पुढच्या काही वर्षांत उलगडलं. पेशीच्या पृष्ठभागावर ‘फास’ नावाचं एक प्रथिन असतं. (आपल्या ‘फास’ शब्दाशी त्याचा संबंध नाही, पण काम तेच!) बाहेरून इशारा आला की फास आतल्या ‘फॅड’ या प्रथिनाला जवळ ओढतो, फॅड ‘कॅस्पेज-८’ला जागं करतं, ते ‘कॅस्पेज-३’ला, आणि ही कात्रीसारखी विकरं पेशीची महत्त्वाची प्रथिनं कापत सुटतात. फासची ओळख १९८९ची, त्याचं जनुक १९९१चं, कॅस्पेज-८ १९९६चं. यातल्या फॅड आणि कॅस्पेज-८च्या शोधात केनियात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या विश्व दीक्षित यांच्या गटाचा मोठा वाटा होता.

या सगळ्या काळात चांदीपुरा विषाणू कुठे होता? कागदपत्रांत ‘तापाचा एक विषाणू’ म्हणून निजलेला. १९८३ मध्ये मेंदूच्या तीव्र आजाराच्या रुग्णाच्या रक्तात तो सापडल्याचं ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्येच छापून आलं होतं. धोक्याची घंटा तेव्हाच वाजली होती. तरी पुढची वीस वर्षं या विषाणूकडे म्हणावं तसं लक्ष गेलं नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महागात पडलेली वर्षं तीच.

२००३च्या जून ते ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात मुलं पटापट दगावू लागली. ताप, उलट्या, झटके, मग बेशुद्धी. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. बहुतेक मृत्यू रुग्णालयात दाखल केल्यापासून २४ तासांच्या आत झाले. पुण्याच्या संस्थेनं कारण शोधलं : चांदीपुरा. २००७ मध्ये नागपूर विभागात ७८ मुलांना मेंदूज्वर झाला आणि शंभरात ४३हून अधिक या प्रमाणात ती दगावली. ज्या भूमीनं विषाणूला नाव दिलं, तिथेच तो बेचाळीस वर्षांनी मुलांच्या जिवावर उठला.

इतक्या झपाट्यानं मेंदूत होतं तरी काय? याचं एक ठोस उत्तर २०१३ मध्ये आलं. हरियाणातल्या मानेसर इथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात अनिर्बाण बसू आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पिल्लांवर आणि प्रयोगशाळेतल्या चेतापेशींवर प्रयोग केले. विषाणू शिरलेल्या चेतापेशींत तीच साखळी सुरू झालेली दिसली : फास, फॅड, कॅस्पेज-८, कॅस्पेज-३. फॅड दाबून टाकलं तर कॅस्पेजचं प्रमाण उतरलं. काचेच्या भांड्यात १९६५ साली दिसलेल्या मरणाचा माग मेंदूत असा लागला. त्वचेतली, आतड्यातली पेशी मेली तर तिची जागा दुसरी घेते. चेतापेशीच्या जागी सहसा दुसरी येत नाही. एरवी शरीराला वाचवणारी आज्ञा मेंदूत सुटली की लेकरूच हातचं जातं.

याच विषाणूच्या कुळातला रेबीजचा विषाणू याच्या अगदी उलट वागतो. त्याचे घातक प्रकार चेतापेशीला फारसं मारत नाहीत; तिला जगवत, तिच्याच वाटेनं मेंदूपर्यंत सरकतात. म्हणून पिसाळलेल्या कुत्र्यानं चावल्यावर लस घ्यायला बहुधा अवधी मिळतो. चांदीपुरा तो अवधी देत नाही, आणि त्यावर लसही नाही.

२०२४च्या पावसाळ्यात गुजरातेत तो पुन्हा उफाळला. जूनच्या सुरुवातीपासून १५ ऑगस्टपर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुऱ्याची खात्री पटली, त्यांपैकी ६१ गुजरातचे होते. वीस वर्षांतली ही सर्वांत मोठी साथ. औषध २००३ मध्ये नव्हतं, तेव्हाही नव्हतं. साखळीतली एकेक कडी माहीत असूनही तिथे बोट ठेवणारं औषध नाही, कारण फास-कॅस्पेजची ही व्यवस्था सगळ्या शरीराला रोज लागते. ती सरसकट बंद करणं परवडणारं नाही. पण गरीब घरांतल्या, खेड्यांतल्या मुलांचा हा आजार नसता तर त्यावर अधिक पैसा आणि अधिक माणसं लागली असती, असं मला ठामपणे वाटतं.

औषध येईपर्यंत हाताशी आहे ती १९७०च्या टिपणातली, चावून हा विषाणू पसरवणारी माशी. डासाहूनही बारीक, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, उड्या मारत उडणारी. दिवसा मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यात, अंधाऱ्या ओलसर कोपऱ्यात दडते, सांजावलं की मादी चावायला निघते. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती सहज आत येते. मराठवाड्यात मातीची, दगडमातीची घरं अजून थोडी नाहीत. पावसाळ्याआधी भिंतींच्या भेगा लिंपून घ्या, शेणाचा ढीग घरापासून लांब हलवा, लेकरांना अंगभर कपडे घालून बारीक जाळीच्या मच्छरदाणीत निजवा. आणि मुलाला अचानक जोराचा ताप चढून उलट्या, झटके किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच जवळच्या मोठ्या दवाखान्यात, छत्रपती संभाजीनगरात असाल तर घाटी रुग्णालयात, घेऊन जा.