प्रायश्चित्त आणि तारणाची खात्री : पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनाच्या संदर्भात

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्मविचारात ‘प्रायश्चित्त’ व ‘तारण’ या संकल्पनांना मध्यवर्ती स्थान आहे. यांपैकी पहिला शब्द मराठी वाचकाला परिचित वाटतो आणि म्हणूनच तो त्याची दिशाभूल करू शकतो. पापाचे प्रायश्चित्त ज्याचे त्यानेच घ्यावयाचे असते, असे आपण गृहीत धरतो. ख्रिस्ती सिद्धान्तात मात्र प्रायश्चित्ताचा कर्ताच बदलतो. हा बदल समजून घेतल्याशिवाय तारणाच्या खात्रीचा प्रश्न उलगडत नाही. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या अनुभवाच्या आधारे हे नाते स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रायश्चित्ताच्या दोन परंपरा :

मनुस्मृतीचा अकरावा अध्याय आणि याज्ञवल्क्यस्मृतीतील प्रायश्चित्ताध्याय यांत कृच्छ्र, चांद्रायण, जप, दान इत्यादी उपाय सांगितले आहेत. पापाचे स्वरूप पाहून प्रायश्चित्ताचे प्रमाण ठरते आणि ते पापकर्त्याने आचरावयाचे असते.

ख्रिस्ती कल्पनेचे मूळ यहुदी परंपरेत आहे. लेवीयच्या सोळाव्या अध्यायातील विधीनुसार वर्षातून एकदा महायाजक एका बकऱ्याचा बळी देई आणि दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून, लोकांची पापे कबूल करून, त्याला रानात सोडून देई. येथे एकाचा भार दुसऱ्यावर जातो. परंतु हा विधी दरवर्षी करावा लागे. ख्रिस्ताने स्वतःस एकदाच व सर्वकाळासाठी अर्पण केले, म्हणून आता पुन्हा बळी देण्याचे कारण उरले नाही, असे प्रतिपादन नव्या करारातील ‘इब्रीकरांस पत्र’ करते.

वधस्तंभावरील मरणाने तारण नेमके कसे साधले, याविषयी चर्चमध्ये अनेक उपपत्ती मांडल्या गेल्या. अँसेल्मने १०९८ च्या सुमारास असे मांडले की, पापामुळे देवाच्या सन्मानास बाधा येते आणि तिची भरपाई मानव स्वतः करू शकत नाही. बाराव्या शतकात अबेलार्डने ख्रिस्ताच्या प्रेमाने मानवी हृदयात घडणाऱ्या परिवर्तनावर भर दिला. सोळाव्या शतकातील धर्मसुधारकांनी ख्रिस्ताने पाप्याऐवजी शिक्षा भोगली, या विचारास प्राधान्य दिले. या उपपत्तींमध्ये मतभेद असले तरी पुढाकार देवाचा आहे, यावर त्यांचे एकमत आहे.

खात्रीचा प्रश्न :

प्रायश्चित्त पूर्ण झाले असेल, तर ‘माझे तारण झाले आहे’ असे व्यक्तीस निश्चितपणे म्हणता येते काय? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्ये असे ठरविले की, विशेष प्रकटीकरणाविना आपणांस कृपा लाभली आहे हे कोणीही विश्वासाच्या अचूक निश्चितीने जाणू शकत नाही. मात्र देवाच्या दयेवर आशा ठेवावी. ल्यूथरच्या मते खात्रीचा आधार माणसाच्या अंतःकरणात नसून देवाच्या वचनात आहे. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्राने खात्री शक्य मानली, पण खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिच्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागू शकते, हेही मान्य केले. जॉन वेस्ली हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. धर्मगुरू म्हणून दीक्षित होऊन अमेरिकेत धर्मसेवा करून आल्यानंतर, २४ मे १७३८ रोजी लंडनमध्ये त्यांना ही खात्री लाभली.

रमाबाईंचा अनुभव :

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी कुटुंबासह वर्षानुवर्षे तीर्थयात्रा केल्या. पुराणकथन, उपवास व दानधर्म यांतच जवळचे सर्व द्रव्य संपले आणि १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडिलांचा अंत झाला. पुण्यसंचय किती झाला म्हणजे पुरेसा, या प्रश्नाला रमाबाईंच्या लेखी उत्तर नव्हते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यामुळे त्यांचा शोध संपला नाही. १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला असला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त लाभलेला नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मवृत्त वाचून त्यांच्या या विचारास चालना मिळाली. योग्यता मिळवून मग देवाकडे जावयाचे नसून, आहे त्या स्थितीत शरण जावयाचे आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. कर्मकांडाची जागा केवळ दुसऱ्या धर्माच्या आचाराने घेतली, तर मूळ अस्वस्थता तशीच राहते, हे या अनुभवातून दिसते.

एक आक्षेप :

तारण निश्चित असेल, तर सदाचरणाची गरज काय, असा आक्षेप घेतला जातो. तो नवा नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याचा परामर्श घेतला आहे. पापाला मेलेला मनुष्य पापात पुढे जगणार कसा, असा त्याचा युक्तिवाद आहे. रमाबाईंच्या बाबतीत खात्रीने निष्क्रियता आणली नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुलींना आणले आणि केडगाव येथे ‘मुक्ती’चे कार्य उभे राहिले. सत्कर्म येथे तारणाचे मूल्य म्हणून न येता त्याचे फळ म्हणून येते.

निष्कर्ष :

तारणाची खात्री म्हणजे स्वतःच्या पुण्याईविषयीचा आत्मविश्वास नव्हे. प्रायश्चित्त माझ्या आचरणावर अवलंबून असेल, तर खात्रीही त्याबरोबर कमीअधिक होत राहणार. ते दुसऱ्याने पूर्ण केले असेल, तर खात्रीचा आधार माझ्याबाहेर असतो. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन व रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी स्वाक्षरी केलेल्या संयुक्त घोषणापत्रातही देवाच्या वचनावर विसंबण्याचा हा मुद्दा उभयपक्षी मान्य झाला. ज्या घरात प्रायश्चित्ताचा शेवट कधी दिसला नाही, त्या घरातील मुलीला हा विचार मुक्तीसारखा वाटावा, हे म्हणूनच समजण्यासारखे आहे. ‘प्रायश्चित्त’ या एकाच शब्दातील हे अर्थांतर लक्षात घेतल्यास मराठी वाचकाला दोन्ही परंपरा अधिक न्यायाने समजून घेता येतील.