गडग्याबाहेरचे गाणे

‘कोल्डप्ले’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला गेला, तेव्हा बाबांना वाटले की ही थंड पेयाची नवी बाटली असावी. इंग्लंडच्या चार गायक-वादकांची ती मंडळी आहे आणि त्यांचे गाणे ऐकायला मला मालवणहून नव्या मुंबईला जायचे आहे, हे कळल्यावर मात्र घरात सगळे गप्प झाले.

बाबा गवंडीकाम करतात. आई काजूच्या कारखान्यात जाते. मी तारकर्लीच्या एका लॉजवर काउंटरला बसते. रात्री पर्यटक समुद्राकडे तोंड करून गाणी लावतात, ती ऐकून ऐकून माझी पाठ झाली. पुढे कळले की लंडनच्या कॉलेजात शिकणाऱ्या चार मुलांनी १९९६-९७ च्या सुमारास ही मंडळी जमवली आणि २००० साली त्यांचा पहिला संग्रह आला. गाणारा क्रिस मार्टिन, गिटारवर जॉनी बकलंड, बेसवर गाय बेरीमन आणि ड्रमवर विल चॅम्पियन. इतक्या वर्षांत माणसे तीच, एकही बदललेले नाही. मंडळ चालवणाऱ्या कोणालाही विचारा, ही किती अवघड गोष्ट आहे!

जानेवारी २०२५ मध्ये १८, १९ आणि २१ तारखेला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये त्यांचे कार्यक्रम होते. तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. २२ सप्टेंबर २०२४ ला विक्री सुरू झाली आणि बघता बघता संपली. पुढे काळ्या बाजारात भाव लाखाच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या. आम्ही नाद सोडून दिला होता. पण ही मंडळी प्रत्येक कार्यक्रमाला थोडी तिकिटे स्वस्तात काढते. ती २२ नोव्हेंबरला निघाली, दोन हजार रुपयांना एक. घ्यायची ती जोडीनेच, आणि जागा कुठली हे कळणार त्या दिवशी तिकीट हातात पडल्यावर. आम्ही चौघे मित्रमैत्रिणी मोबाईल घेऊन बसलो होतो. एक नर्स, एक स्कूबावाल्यांच्या बोटीवर, एक कुडाळच्या एमआयडीसीत आणि मी. रविवार, १९ तारखेच्या दोन जोड्या आम्हाला मिळाल्या!

आता प्रश्न घरचा. बाबा म्हणाले, “पैशाचा काय नाय, तुझे कमायचे आसत. पण रातचा, मुंबयेक, पोरग्यांवांगडा?”

मी काही बोलणार, एवढ्यात ओट्यावर सुपारी कातरत बसलेली आजी बोलली. “तुझो बापूस माका जयंतीच्या जलशाक घेवन जाय, तेव्हा तू माझ्या कडेर होतस. उजाडल्यार घराक येवू. जाऊ दी तेका. येतला ता परत.”

मग आजीने एक गोष्ट सांगितली, ती मी आधी कधी ऐकली नव्हती. ती लहान असताना गावच्या जत्रेत रात्रभर दशावतार व्हायचा. पखवाज, पेटी, झांज, राजा, राक्षस सगळे. पण आपल्या माणसांनी देवळाच्या गडग्याबाहेर बसायचे. लहान पोरांना राजाचा मुकुट तेवढा दिसे. बाकी सगळे कानांनी बघायचे. “पयलो जलसो झालो ना, तेव्हा आमी पयल्यांदा फुडे बसलव,” आजी म्हणाली.

बाबा उठून बाहेर गेले. १८ तारखेला संध्याकाळी त्यांनीच आम्हाला कुडाळ स्टेशनवर सोडले.

आमच्या मालवणला रेल्वे नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, तरी आम्हाला एसटीने कुडाळ किंवा कणकवली गाठावीच लागते. जनरलच्या डब्यात बॅगेवर बसून वाद रंगला. बोटवाला म्हणाला, “गिटार आपले वाद्य नव्हे.” एमआयडीसीवाल्याने त्याला उत्तर दिले की पेटी तरी कुठे आपली होती? तीही युरोपातूनच आली. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव गायले, त्यांनी कधी पेटीला जात विचारली नाही. मग त्याने मोबाईलवर तामिळ गाणी लावली. चेन्नईत २०१७ मध्ये चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ नावाचा संच उभा राहिला. चेन्नईच्या वस्त्यांमधला गाना, रॅप आणि इंग्रजी धाटणीचे रॉक एकत्र करून ही मुले जातीविरुद्ध गातात. शब्द कळले नाहीत, पण शेजारी बसलेले काकाही मान डोलवू लागले.

पहाटे पनवेल, तिथून लोकलने मानखुर्दला माझ्या आत्याकडे. अंघोळ, जेवण, थोडी झोप आणि दुपारी नेरूळ. तिकिटे हातात आली तेव्हा कळले की आमची एक जोडी स्टेडियमच्या एका टोकाला आणि दुसरी समोरच्या टोकाला. हिरमुसलो. पण आत जाताना प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा बांधायला दिला. आत बारीक दिवे, ते दुरून चालवले जातात. सगळ्या स्टेडियमचे हात एकाच वेळी लाल, एकाच वेळी निळे. समोरच्या टोकाच्या त्या हजारो ठिपक्यांत दोन ठिपके आपले आहेत, एवढ्यावर आम्ही समाधान मानले.

‘यलो’ गाणे सुरू झाले आणि सगळे स्टेडियम पिवळे झाले. मला भातकापणीच्या आधीचा मळा आठवला. ‘फिक्स यू’ लागले तेव्हा शेजारी बसलेली माझी नर्स मैत्रीण रडू लागली. वडील वारल्यामुळे खचलेल्या आपल्या बायकोसाठी क्रिस मार्टिनने ते गाणे केले होते. मैत्रिणीचे वडील २०२१ मध्ये कोरोनात गेले, त्या वेळी ती स्वतः ड्यूटीवर होती. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिले नव्हते. पलीकडच्या अनोळखी बाईने न विचारता तिच्या पाठीवर हात ठेवला.

त्याच बाईने मग विचारले, “कुठून आलात?” मी म्हटले, “मालवण.” आता पुढचा प्रश्न येणार म्हणून मी सवयीने अंग चोरले. आमच्याकडे गाव सांगितले की वाडी विचारतात, वाडी सांगितली की आडनाव. ती फक्त एवढेच म्हणाली, “वा! मासे!” आणि पुन्हा नाचू लागली. वाचकहो, त्या वेळी मला किती हलके वाटले, हे आपल्या घरांतच समजेल.

पण खोटे कशाला सांगू? तिथे आडनाव विचारत नव्हते, तरी पैसा विचारत होतेच. दोन हजारवाल्यांची जागा वेगळी, पस्तीस हजारवाल्यांची वेगळी. आणि एक जागा तर तिकिटाशिवायची होती. ती मला बाहेर पडताना दिसली.

मनगटाचा पट्टा परत पेटीत टाकून आम्ही चौघे फाटकापाशी भेटलो. तिथे भिंतीला टेकून सात-आठ बाया झाडू घेऊन बसल्या होत्या. गर्दी कमी होण्याची वाट बघत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीने मला हाक मारली. “पोरी, आत मघाशी सगळे एकदम ओरडले, तेव्हा काय झाले गं? काल पण तसेच ओरडले होते.”

मी थांबले. आभाळात रंगीत कागद कसे उडाले, हात कसे पिवळे झाले, ते सांगितले. ती मन लावून ऐकत होती. “आम्ही भिंतीबाहेरून ऐकतो ना, दिसत काही नाही,” ती हसून म्हणाली. मला एकदम आजीचा गडगा आठवला.

तिला दाखवण्यासाठी मी मोबाईलवरचे चित्रीकरण काढले. बाकीच्या बायाही जवळ आल्या. पाच-सहा मिनिटे आम्ही तिथे उभ्या होतो. मग मुकादमाने आवाज दिला आणि त्या आत गेल्या.

घरी आल्यावर आजीने आधी विचारले, “उजाडला काय?” दहाच्या सुमाराला संपले, हे तिला पटेना. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, सरकारने खास दिवस म्हणून सवलत दिली तर बारापर्यंत. आजारी माणसांसाठी आणि परीक्षेच्या पोरांसाठी नियम बरा आहे. पण आजीच्या रात्रभराच्या जलशाचे दिवस गेले, हेही खरे.

मग मी तिला त्या झाडूवाल्या म्हातारीची गोष्ट सांगितली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, “आपल्या जयंतीक मैदान कोण झाडता?”

मला उत्तर देता आले नाही. मी कधी पाहिलेच नव्हते.

१४ एप्रिल २०२५ च्या जयंतीला आम्ही चौघांनी मंडळाकडे एकच मागणी केली. गाण्याच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेतल्या चार खुर्च्या पाहुण्यांसाठी न ठेवता मैदान झाडणाऱ्या, मंडप बांधणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या माणसांसाठी ठेवाव्यात. थोडी कुरकुर झाली. पाहुणे काय म्हणतील, असेही कोणी म्हणाले. शेवटी बाबा उभे राहिले आणि म्हणाले, “माझी आवस गडग्याभायर बसलेली आसा.” त्यानंतर कोणी बोलले नाही.

त्या रात्री कार्यक्रम सुरू झाला तेव्हा भांडी घासणाऱ्या दोन बाया संकोचून खुर्चीच्या कडेला टेकल्या होत्या. तिसरे गाणे येईपर्यंत त्या नीट मागे रेलून बसल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान झाडायला आम्ही चौघे गेलो होतो.

तुमच्या वस्तीतही जयंतीचे मैदान कोणीतरी झाडत असेल. गाणे सुरू झाल्यावर ते माणूस कुठे बसते, एवढे एकदा मागे वळून पाहा.