पत्र्यावरून उठणारं अक्षर

सपाट पत्र्यावर पिवळ्या ऑइलपेंटने ‘किराणा’ लिहिलेलं असतं. पेंटर त्याच्या एका अंगाने गडद पट्टे ओढत जातो आणि ते अक्षर चक्क पत्रा सोडून वर उठतं! रंगाचा थर आहे तेवढाच. फसतो तो आपला मेंदू. उजेड वरूनच येणार, हे त्याने धरूनच ठेवलेलं असतं. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तर असं दिसलं, की बहुतेकांचा मेंदू तो उजेड किंचित डावीकडून येतो असं मानतो. म्हणजे सावली पडायची उजवीकडे, खाली.

खरी गंमत इथून पुढे. रोमन लिपीत बी, डी, ई, पी, आर यांचे सरळ दांडे डावीकडे असतात. त्यामुळे इंग्रजी पाट्या रंगवणारे अनेक कारागीर शॅडो डावीकडे मारतात; वळणं कमी, सरळ पट्टा एका दमात ओढता येतो. आपल्या ग, त, न, प, म, स यांचे दांडे उजवीकडे, आणि कानाही तसाच. डोळ्याला जिथे सावली हवी, तिथेच देवनागरीत ब्रशला सरळ वाट मिळते. योगायोगच हा, पण काय झकास!

शिरोरेषा मात्र छळते. तिची सावली अक्षराच्या पोटात उतरते, वेलांटीची शिरोरेषेवर पडते. घ आणि ध, म आणि भ यांच्यात शिरोरेषेतली चिमुकली फट हा मोठाच फरक. शॅडो लांबली की ती फट बुजते आणि ‘धर’चं ‘घर’ होतं. म्हणून मराठी पाटीला आखूड शॅडोच शोभते.

आता रंग. सरसकट काळी शॅडो मला आळशीपणाची वाटते. खरी सावली म्हणजे ज्यावर ती पडते त्याच रंगाची गडद छटा: निळ्या पाटीवर गर्द निळी, लाल पाटीवर मरून. पिवळ्या पाटीवर मात्र जपून, कारण पिवळ्यात काळा मिसळला की तो शेवाळी होतो. तिथे ब्राऊन बरा. शिवाय शेजारी रंग एकमेकांना बदलतात. पॅरिसच्या गोब्लँ विणकरखान्यात काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार होती. तिथले रसायनतज्ज्ञ शेव्रल यांना धाग्यात दोष सापडला नाही. दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. त्यावर त्यांनी 1839 मध्ये ग्रंथच लिहिला.

आउटलाइन लागते ती याच भांडणात. हिरव्यावर लाल अक्षर थरथरतं, कारण दोन्ही रंगांचा उजळपणा जवळपास सारखा आणि डोळा कडा शोधतो ती मुख्यतः उजळपणातल्या फरकावरून. मधे पांढरी बारीक रेघ आली की अक्षर जागेवर बसतं. संध्याकाळी तर ती हवीच: उजेड कमी होताना लाल आधी काळवंडतो, निळा-हिरवा टिकतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी हे एकोणिसाव्या शतकातच टिपलं होतं.

पाटी करून घेणार असाल, तर पेंटरकडून आधी छोटा नमुना रंगवून घ्या, मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. त्यातही अक्षर वाचता आलं, तर पुढचं काम बिनधास्त सांगा.