रंग सांगेल तीच वाट

बेंगळुरूला प्रथमच निघालेल्या पाहुण्याला तिथले नातलग सांगतात, "जांभळ्या मेट्रोने मॅजेस्टिकला या आणि तिथे हिरवी पकडा." कन्नडचे अक्षर न वाचता आले तरी पाहुणा रंग पाहत बिनचूक घरी पोहोचतो.

'नम्म मेट्रो' २० ऑक्टोबर २०११ रोजी सुरू झाली, ती जांभळ्या मार्गावर. हिरवा मार्ग २०१४ मध्ये आणि पिवळा ऑगस्ट २०२५ मध्ये आला. गुलाबी व निळा ही पुढच्या मार्गांची नावे. रंग हेच जिथे नाव, तिथे छपाईत तो बिघडून कसे चालेल? नकाशावरचा जांभळा जरा निळसर उतरला की निळ्याचा भास होणार, तांबूस झाला की गुलाबीचा!

आणि जांभळा आहेच मोठा खोडकर. नेहमीच्या चाररंगी छपाईत तो निळसर सायन आणि मॅजेंटा या दोन शायांच्या बारीक ठिपक्यांतून तयार होतो. एकीचे प्रमाण किंचित चुकले की छटा बदलते. शिवाय तोच रंग आर्ट पेपरवर उजळ, तर शाई पिणाऱ्या साध्या कागदावर फिकट दिसतो. संगणकाच्या पडद्यावर तर शाई नसतेच, असतो तो प्रकाश!

यावरचा एक उपाय १९६३ मध्ये अमेरिकेतल्या पॅन्टोन कंपनीने रूढ केला. प्रत्येक छटेला क्रमांक आणि त्या छटेची शाई मिसळण्याचे ठरलेले प्रमाण. क्रमांक कळवला की बेंगळुरूचा मुद्रक असो वा बेळगावचा, दोघांनाही तीच छटा गाठता येते.

घरगुती मसाल्यांचे वेष्टन छापून घेणाऱ्या भगिनींनाही हे उपयोगी आहे. रंग एक-दोनच निवडा, त्यांचे क्रमांक लिहून ठेवा. नमुना प्रत्यक्ष वापरायच्या कागदावरच छापून घ्या आणि दिवसाउजेडी पाहा. पसंत नमुन्यावर तारीख घालून एक प्रत मुद्रकाकडे द्या, दुसरी आपल्याजवळ उन्हापासून जपून ठेवा. पुढच्या खेपेस तिच्याशीच ताडून पाहा. वेष्टनाचा रंग बदललेला दिसला, की 'माल तोच आहे ना?' अशी शंका गिऱ्हाइकाच्या मनात येतेच.

मात्र सगळा भार रंगावर टाकू नका. काहींना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्यांना जांभळाही निळाच भासतो. म्हणून रंगाशेजारी नाव ठळक हवेच. रंगाने लांबून ओळख पटावी आणि अक्षराने जवळून खात्री व्हावी.