सत्कार झाला, आता हक्काचं बक्षीस

बारावीचा निकाल लागला की तिवसा, मोझरी, कुऱ्हा इकडे गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. लेकरांनी मेहनत केली, हा मान त्यांना मिळायलाच हवा. पण त्याच गुणपत्रिकेवर सरकारी पुरस्कार आणि शिष्यवृत्त्याही आहेत. सत्काराच्या भाषणांत त्यांची माहिती यावी, असं मला मनापासून वाटतं.

तालुक्यातून पहिला

सामाजिक न्याय विभागाचा राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता पुरस्कार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, दहावी आणि बारावी दोन्हींसाठी. राज्यात पहिल्या येणाऱ्याला अडीच लाख, विभागीय मंडळात पहिल्याला 1 लाख, जिल्ह्यात 25,000, तालुक्यात 10,000 आणि शाळेत 5,000 रुपये.

यातला तालुक्याचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो. अमरावती विभागीय मंडळात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम आणि यवतमाळ असे पाच जिल्हे येतात. शहरातल्या शिकवण्या परवडणाऱ्या मुलांपुढे गावातल्या शेतमजुराच्या मुलीचा पहिला नंबर लागणं अवघड. तालुक्याच्या टप्प्यावर मात्र तिची तुलना तिच्यासारख्याच परिस्थितीत शिकलेल्यांशी होते. चौकशी आधी मुख्याध्यापकांकडे करा, मग अमरावतीच्या समाजकल्याण कार्यालयात.

पदवीसाठी केंद्राची मदत

पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची गुणवत्तेवर मिळणारी एक शिष्यवृत्ती आहे. ती सर्व प्रवर्गांना खुली आहे. आपल्या मंडळात, आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असावं लागतं. म्हणजे 80 टक्के गुण नव्हेत. उत्तीर्ण झालेल्यांत वरच्या पाचव्या हिश्शात असणं. त्यामुळे कला शाखेच्या मुलांनी विज्ञानवाल्यांचे आकडे पाहून माघार घेऊ नये. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत हवं आणि दुसरी शिष्यवृत्ती चालू नसावी. पदवीला वर्षाला 12,000 रुपये मिळतात, निम्म्या जागा मुलींसाठी असतात. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी 50 टक्के गुण आणि 75 टक्के हजेरी लागते.

विज्ञानाची वाट

मंडळातल्या पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि बी.एस्सी.सारख्या मूलभूत विज्ञानाच्या अभ्यासक्रमाला गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 80,000 रुपये. त्यातले 60,000 हातात, उरलेले उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीयला गेलेल्यांना ती मिळत नाही. ‘बी.एस्सी. करून काय होते’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना हा आकडा जरूर सांगावा.

कागदपत्रं

उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला निकालाआधीच सेतू केंद्रातून काढून ठेवा. बँक खातं विद्यार्थ्याच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं असावं, कारण रक्कम थेट खात्यात येते. आधार, गुणपत्रिका आणि खातं या तिन्हींवर नाव सारखं आहे का, तेही तपासा. सत्कार करणाऱ्या मंडळांनी त्याच दिवशी मंडपात एक टेबल, एक संगणक आणि फॉर्म भरून देणारा एक जाणता माणूस बसवावा.